काकांच्या पावत्यांचं काय करू?

सावदा,
रविवार, रात्री

प्रिय पंक्या,

पोळ्यापासून पत्र नाही म्हणून शिव्या घालू नकोस भो. घरी सगळे बरे, आजीचे गुडघे तसेच. लिहितोय, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही आणि तुला सांगायला जीभ रेटत नाही.

आमचे इकॉनोमेट्रिक्सचे सर दिवाळीआधी सोडून गेले. विद्यापीठ केवढं, तुला माहीतच आहे. वर्गात नऊ टाळकी, डुलकी काढायचीही सोय नाही, आणि इलेक्टिव्ह म्हणजे जो मास्तर शिल्लक असेल त्याचा विषय. (तू म्हणाला होतास पुण्याला जा. म्हण पुन्हा एकदा, मोकळा हो.) तर आता त्या पेपराऐवजी प्रकल्प. मॅडम पूर्ण स्पर्धा समजावत होत्या: भरपूर विक्रेते, भरपूर ग्राहक, भाव सगळ्यांना ठाऊक. मी बोलून गेलो, आमच्याकडे भाव ठाऊक सगळ्यांना असतो, मिळत कोणाला नाही. केळीचा रावेरचा बोर्डभाव (रोज जाहीर होणारा भाव) आणि बऱ्हाणपूरचा लिलाव रोज व्हॉट्सॲपवर येतो; बागेत गाडी लागली की व्यापाऱ्याच्या तोंडी माल हलका असतो आणि दिल्लीत थंडी पडलेली असते. मॅडम म्हणाल्या, हाच विषय घे.

विषय जबरी आहे रे. कापूस घरात भरून ठेवता येतो, कापणीला आलेला घड थांबत नाही. विकणारे शेकड्यांनी, कापून नेणारे व्यापारी तीन-चार. खरेदीदाराच्या मक्तेदारीवर जोन रॉबिन्सन बाईंनी १९३३ सालीच लिहून ठेवलंय, फक्त त्यात ताईच्या लग्नाला घेतलेली उचल नाही.

आणि इथेच घोडं अडलंय. पावत्या लागतात, आणि अप्पांच्या निम्म्या पावत्या तुझ्या काकांच्या आहेत. एक समोरच आहे: गुलाबी कागद, वजन, त्यातून घट वजा, भावाच्या रकान्यात खाडाखोड, बाजूला पेन्सिलीने 'उचल वळती'. अप्पा म्हणतात, "तुला डिग्री मिळेल, पण कांदेबागेच्या केळीला गाडी कोण लावील?" नाव झाकून 'व्यापारी क' लिहिलं तरी गावातलं शेंबडं पोरगं ओळखेल.

बरं, काकांना वाईट तरी कसं म्हणू? सीएमव्हीने (केळीवरच्या विषाणूच्या रोगाने) बाग उपटावी लागली तेव्हा पैसे त्यांनीच दिले, कागद न करता, बिनव्याजी. मला वाटतं व्याज भावातच आहे. पण बोर्डभावाशी तारखेवार ताडून पाहिल्याशिवाय तसं म्हणणं म्हणजे नुसती पारावरची बडबड. कदाचित नसेलही! तसं निघालं तर काकांनाच पेढे देईन.

अकरावीत त्यांच्या बुलेटवरून मी एक विनोद केला, तर तू महिनाभर बोलला नव्हतास. म्हणून आधीच विचारतो. तू त्यांच्याशी बोलतोस, की मी सरळ गादीवर जाऊन पावत्या मागू? नको म्हणालास तर विषय बदलतो, पण कारण सांग, गप्प बसू नकोस.

तुझी सुरतेची नोकरी बरी चाललीय असं ऐकलं. खोली बदललीस का? त्या स्थळाचं पुढे काय झालं? संक्रांतीला ये, वांग्याच्या भरताचे पैसे तुझ्याकडे निघतात.

पुढच्या सोमवारच्या आत कळव, मॅडमना विषय पक्का करून द्यायचाय.

तुझा,
गोट्या