एक्स्पॅट कोण, मायग्रंट कोण, हे पगार बघून ठरतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशच्या बातम्यांचं पान मी रोज वाचतो आणि तिथे माणसांना जे शब्द लावले जातात त्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. दुसऱ्या देशात राहणारा माणूस बँकेत नाहीतर आयटीत असला की तो 'एक्स्पॅट', बांधकामावर असला की 'स्थलांतरित मजूर', बोटीतून उतरला की 'निर्वासित', आणि दोन दिवसांनी त्याच बोटीच्या बातमीत तोच 'घुसखोर'. बोट तीच, माणसं तीच, डेस्कवर ड्युटी बदलली असणार दुसरं काय.

त्यातला निर्वासित हा शब्द तरी प्लीज जपून वापरा, कारण त्याला कायद्यात पक्का अर्थ आहे. 1951 चा जिनिव्हाचा करार म्हणतो की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा ठराविक समाजगट यामुळे आपला छळ होईल अशी रास्त भीती ज्याला आहे आणि म्हणून जो स्वतःच्या देशाबाहेर आहे तो निर्वासित. सुरुवातीला हे 1951 च्या आधीच्या घटनांपुरतंच होतं, 1967 च्या प्रोटोकॉलने, म्हणजे त्याला जोडलेल्या पूरक कराराने, ती अट काढून टाकली. म्हणजे नुसत्या बेकारीला कंटाळून निघालेला माणूस यात बसत नाही, हाल कितीही झालेले असोत, आणि घरदार सोडून देशातल्या देशातच पळाला तोही बसत नाही, त्याला विस्थापित म्हणायला आपल्याकडे चांगला शब्द आहे की. ज्याने आसरा मागितलाय पण अर्जाचा निकाल यायचाय त्याला सरळ 'आश्रय मागणारा' लिहा. कोणी म्हणेल फाळणीत आलेल्यांना आपण निर्वासितच म्हणायचो, हो म्हणायचो, पण ते नागरिक म्हणूनच इथे वसले, तो बोलीतला वापर झाला. भारताने या करारावर सही केलेली नाही हे मला माहितीये, पण बातमी नीट लिहायला सही कुठे लागते?

आता एक्स्पॅट. मूळ अर्थ देशाबाहेर घालवलेला, हद्दपार, आणि आज तो शब्द एकदम ऐटीचा झालाय. रूढ अर्थ असा की काही वर्षांसाठी गेलेला, परत येणारा. पण स्पेनच्या किनाऱ्यावर कायमचे राहायला गेलेले ब्रिटिश पेन्शनर इंग्रजी पेपरांत एक्स्पॅटच असतात आणि ब्रिटनमध्ये ठराविक मुदतीच्या व्हिसावर काम करणारी आशियातली नर्स मात्र मायग्रंट, म्हणजे स्थलांतरित! मग परत जाणार की नाही हा निकष राहिलाच कुठे? गंमत म्हणजे आखातातले इंग्रजी पेपर मजुरालाही एक्स्पॅटच लिहितात, कारण तिथे नागरिकत्व बाहेरच्याला जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे मॅनेजर काय आणि वेल्डर काय, कागदावर दोघंही परत जाणारेच. शब्दाच्या अर्थाला धरून तेच बरोबर म्हणायचं. पण त्यातही एक मेख आहे, 'परत जाणारा' असा शिक्का बसला की तीस वर्षं राहिला तरी तो पाहुणाच धरला जातो.

जर्मनीत हेच झालं. 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, त्यांना म्हणायचे 'पाहुणे कामगार'. 1973 मध्ये भरती बंद झाली पण लाखो लोक तिथेच राहिले, बायकामुलं आणली, नातवंडं झाली. नंतर तिथल्या सरकारी आकडेवारीत 'स्थलांतराची पार्श्वभूमी असलेले' असा लांबलचक शब्द आला आणि त्यात जर्मनीतच जन्मलेली, कधी कुठेही स्थलांतर न केलेली मुलंही मोजली गेली. तुम्हीसुद्धा अशा मुलांना 'स्थलांतरित तरुण' लिहिता, ते तेवढं बंद करा.

ऑगस्ट 2015 मध्ये अल जझीरा या कतारच्या वृत्तवाहिनीने जाहीर केलं होतं की भूमध्य समुद्रातल्या बातम्यांत मायग्रंट शब्द वापरणार नाही, कारण तो माणसाला हलकं करणारा झालाय. हेतू चांगला, पण मला हे पटत नाही. स्थलांतरित ही काही शिवी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या शिफारशीप्रमाणे नेहमीचा देश सोडून किमान 12 महिने दुसरीकडे राहतो तो दीर्घकालीन स्थलांतरित, यात बँकवाला, वेल्डर, नर्स, बोटीतला सगळे आले. शब्द टाकून देण्यापेक्षा तो सगळ्यांना सारखा लावावा.

आपला अनिवासी भारतीय हा त्यातल्या त्यात सरळ शब्द, पासपोर्ट भारताचा आणि राहणं बाहेर. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याला पण तुम्ही एनआरआय करून टाकता, तो फार तर ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड असलेला असेल, त्याला इथे मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मागे निवडणुकीच्या लेखात दोघांची सरमिसळ झालेली तेव्हा अर्धा लेखच चुकला होता.

आणि 'बेकायदा स्थलांतरित'. असोसिएटेड प्रेस या अमेरिकेच्या वृत्तसंस्थेने 2013 मध्येच ठरवलं की कृती बेकायदा असते, माणूस नाही. आपल्याला 'विनापरवाना आलेला' किंवा 'व्हिसा संपून राहिलेला' असं लिहिता येतं, त्यात माहितीही जास्त मिळते. डेस्कला एक पानाची शब्दसूची करून द्या, आणि ती पेपरात छापलीत तर आम्ही वाचकही चुका दाखवायला मोकळे.

आपला,
एक नियमित वाचक