पोत्यात भरलेली हाडे आणि डीएनएचा भरवसा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या सभामंडपाचा पाया खणताना चार फुटांवर माणसाची हाडे लागली. जेसीबी थांबेपर्यंत कवटीचे तुकडे झाले होते. मंडळींनी हाडे हातांनी गोळा केली, नळाखाली धुतली, त्यांवर हळद-कुंकू वाहिले आणि खताच्या रिकाम्या पोत्यात भरून देवळाच्या पडवीत ठेवली. शेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असल्यामुळे हाडे लढाईत पडलेल्या वीराचीच, हे संध्याकाळपर्यंत ठरूनही गेले आणि रात्री कट्ट्यावर तो वीर मराठी की कन्नड, यावर वाद रंगला. एका कचेरीत कळवले, तेव्हा 'लेखी अर्ज द्या, बघू' एवढेच उत्तर मिळाले. आता 'डीएनए केला की नाव कळेल', असे जो तो म्हणतो आहे, म्हणून हे पत्र.

डीएनएवरून नाव कळत नाही. दोन नमुन्यांचे नाते जुळते की नाही, एवढे कळते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा 2012 साली लेस्टर शहरातील वाहनतळाखाली सापडला आणि ओळख पटली, कारण त्याच्या बहिणीच्या वंशातील, आईकडून मुलीकडे अखंड चालत आलेल्या शाखेतील माणसे हयात होती. आमच्या पोत्यातील हाडे कोणाशी जुळवायची? डीएनएत भाषाही लिहिलेली नसते, त्यामुळे कट्ट्यावरचा वाद प्रयोगशाळेतही सुटणार नाही.

चोर्ला घाट उतरून आपण गोव्याला जातो, त्या जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. 1624 साली इराणमध्ये ठार मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष तिथे आणले गेले होते आणि ते मठातील कोणत्या खिडकीपाशी ठेवले, याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. त्या नोंदीवरून पुरातत्त्व खात्याने हाड शोधून काढले. मग हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातील आईकडून येणारा डीएनए तपासला, तेव्हा भारतात न आढळणारी, पण जॉर्जियात आढळणारी वंशरेषा मिळाली. 2021 साली ते अवशेष जॉर्जियाला देण्यात आले. आधी कागद, मग जागा आणि शेवटी डीएनए, असा तो क्रम होता.

पंजाबातील अजनाळ्याची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. तिथल्या विहिरीत टाकलेल्या, 1857 च्या उठावातील शिपायांचे अवशेष 2014 साली स्थानिकांनी स्वतःच उकरून काढले आणि त्या भरात पुष्कळ हाडे मोडली, एकमेकांत मिसळली. तरीही दातांनी हात दिला. 50 नमुन्यांचा डीएनए आणि 85 नमुन्यांतील ऑक्सिजनची समस्थानिके (वेगवेगळ्या वजनाचे अणू; लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण ते दातांत ठेवतात) तपासून ही माणसे गंगेच्या खोऱ्यातील होती, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. एकाही शिपायाचे नाव मात्र कळले नाही.

आपल्याकडचा धुवाधार पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती डीएनएला मुळातच मानवत नाही. त्यात उघड्या हातांनी उचलले, धुतले की उचलणाऱ्याचाच डीएनए हाडाला चिकटतो. म्हणून पाया खणताना हाड दिसताच काम थांबवावे, हाड जागेवरच राहू देऊन खोलीसह छायाचित्र घ्यावे आणि पोलिसांना कळवावे, कारण ते हाड जुनेच असेल असे धरून चालता येत नाही. जुने ठरल्यास पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे निरोप जावा. पंचायत विकास अधिकाऱ्यांनी (पीडीओ) बांधकाम परवान्याच्या कागदावरच या सूचना मराठी आणि कन्नडमध्ये छापाव्यात; त्याला वेगळा खर्च येणार नाही.

आमच्या पडवीतील पोत्यात जबड्याचा एक तुकडा आहे आणि त्यात तीन दाढा शाबूत आहेत. पावसाळा तोंडावर आला आहे. निदान तो तुकडा तरी संबंधित खात्याने कोरड्या कागदी पाकिटात घालून घेऊन जावा, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव