शंभर कोटींची दुरुस्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या पावतीवर 'अक्षरी रुपये' अशी एक ओळ असते. आकडा टाकला की ती ओळ मराठीत लिहून देणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी मी २०१६ पासून सांभाळते. अशी लायब्ररी म्हणजे कोणीही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट वापरावा असा तयार कोड. माझे वडील इस्लामपूरला एका पतसंस्थेत रोखपाल होते. अक्षरी रक्कम ते शाईच्या पेनाने लिहायचे. खाडाखोड झाली की पावती रद्द. हा कोड मी लिहायला घेतला तो त्यांच्यामुळे.

इंग्रजीत विसाच्या पुढचे आकडे नियमाने जुळवता येतात. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं, त्यामुळे अख्खी यादी द्यावी लागते. एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. शंभर एकटा असला तर शंभर, त्याच्या पुढे काही आलं की एकशे एक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आलं, त्यावर वाद रंगला, आणि शाळांसाठी ॲप करणाऱ्या दोघांनी माझ्याकडे तेही मागितलं. मी पर्याय म्हणून दिलं. पावतीला मात्र 'एकवीस'च ठेवलं. या कामावर माझा फार जीव आहे.

पण ते होतं रात्री. माझी नोकरी हिंजवडीत, ग्राहक अमेरिकेतला, शेवटचा कॉल साडेदहाला संपतो. मुलीचा डबा, सकाळची बस यांच्या मधल्या दीड तासात मी तक्रारी वाचते. नोकरीच्या करारात 'कर्मचाऱ्याने लिहिलेला कोड कंपनीचा' असं कलम होतं. हा कोड माझा आहे, असं लेखी मिळवायला पाच महिने लागले.

गेल्या वर्षी लातूरच्या एका पतसंस्थेतून मेल आला. ठेवी शंभर कोटींवर गेल्या आणि वार्षिक अहवालात 'एकशे कोटी रुपये' छापून आलं. चूक माझीच होती. शंभरची सूट मी फक्त शेवटच्या तीन अंकांना दिली होती, कोटीच्या जागी दिलीच नव्हती. दुरुस्ती चार ओळींची, पण लाखाचे, कोटीचे सगळे आकडे पुन्हा तपासायला तीन रात्री गेल्या. ती दिल्यावर एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलाने कळवलं, "ताई, ही चूक आम्ही दीड वर्षापूर्वीच आमच्या प्रतीत दुरुस्त केली होती. बाहेर पाठवायची परवानगी नव्हती." त्या मुलावर माझा राग नाही. पण त्या चार ओळी तेव्हाच आल्या असत्या, तर लातूरचा अहवाल नीट छापला गेला असता.

एकट्याने सांभाळण्यात धोकाही आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' प्रकरण उघड झालं. लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणाऱ्या जगभरच्या यंत्रणांत वापरली जाणारी, फाइल दाबून लहान करणारी ही लायब्ररी फिनलंडचे लासे कॉलिन जवळपास एकटे, बिनपगारी सांभाळत होते. मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाने दोन वर्षांहून अधिक काळ नेटकं काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. यंदा मलाही मेल आला : "तुम्ही दमला असाल, अधिकार मला द्या." मी खरंच दमले होते. दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं.

मला देणगी नको. असा कोड वापरणाऱ्या कंपन्यांनी आपल्या एका माणसाला त्या कोडच्या देखभालीसाठी आठवड्यातले दोन तास द्यावेत, तेही ऑफिसच्या वेळेत. आपल्या प्रतीत केलेली दुरुस्ती मूळ ठिकाणी पाठवायची लेखी परवानगी त्याला नेमणुकीच्या दिवशीच मिळावी. सहकार खात्यानेही पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरसाठी ही एक अट घालावी. ज्या मुलाने मला 'ताई' म्हणून लिहिलं, त्याच्याकडे अजून दोन दुरुस्त्या पडून आहेत असं तो म्हणतो. मी त्यांची वाट पाहते आहे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे