सार्जंट कुणाचा भाट नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जॉन सिंगर सार्जंट या चित्रकारावरचा लेख वाचला. १९२५ मध्ये तो लंडनला वारला, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून लेख. चांगली गोष्ट आहे. पण मथळा ‘श्रीमंतांचा सोसायटी पेंटर’, आणि आत त्याला सरळ ‘धनिकांचा भाट’ करून टाकलंय. आमच्या जिन्यात शेजारच्या मुलाने मला विचारलं, “आजोबा, सोसायटी पेंटर म्हणजे बिल्डिंगला रंग देतो तो का?” त्याचा गैरसमज लेखकाच्या गैरसमजापेक्षा मला बरा वाटला. बिल्डिंग रंगवणाऱ्याला निदान कुणी भाट म्हणत नाही.

मी १९७४ चा जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेचा सरकारी पदविकाधारक. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारनंतर चरईतल्या चाळीतल्या खोलीत पोर्ट्रेटं करायची, असा माझा चाळीस वर्षांचा क्रम. पतपेढीचे अध्यक्ष, शाळेचे देणगीदार, मंडळाचे संस्थापक. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक स्वर्गवासी. लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा घेऊन मुलं यायची, ‘वर्षश्राद्धाच्या आत द्या’ म्हणायची. गेलेला माणूस एका परीने सोयीचा. तो हलत नाही आणि चित्र बघून बोलत नाही. बोलतात ते नातेवाईक, आणि बोलतात ते ओठांवरच. नाक चालतं, डोळे चालतात, कोटाच्या बटणांचं तर कौतुक होतं, पण ‘तोंड जरा वेगळं वाटतंय हो.’ ज्या चित्रात ओठांपाशी काहीतरी बिनसलेलं असतं ते पोर्ट्रेट, अशी व्याख्या सार्जंटच्या नावावर सांगतात. प्रत्येक पोर्ट्रेटमागे एक मित्र गमावतो, असंही तो म्हणायचा म्हणे. भाटाचे मित्र असे कमी होत नाहीत.

आता लेखातली चूक. ‘मादाम एक्स’ हे चित्र त्यातल्या गोत्रोबाईंच्या बँकर नवऱ्याने पैसे मोजून काढवून घेतलं, असं छापलंय. तसं नाही. ते कुणीच सांगितलेलं काम नव्हतं. पॅरिसभर बाईंच्या रूपाची चर्चा होती, सार्जंटनेच खटपट करून त्यांना बसायला राजी केलं. बाई चंचल, बैठकीला कंटाळणाऱ्या. शेवटी १८८४ च्या सालों या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र लागलं: काळा झगा, पांढरीफटक त्वचा, मान वळवलेली आणि एका खांद्यावरचा रत्नांचा पट्टा दंडावर घसरलेला. पॅरिसने तोंडात बोटं घातली आणि मग शिव्या घातल्या. बाईंच्या आई रडत आल्या, चित्र उतरवा म्हणाल्या. त्याने नकार दिला. जशी होती तशी रंगवली, हे त्याचं उत्तर. त्या वेळी त्याचं वय अठ्ठावीस. पॅरिसमधली कामं आटली, दोन वर्षांत त्याने लंडन गाठलं. पट्टा मात्र त्याने नंतर खांद्यावर चढवून रंगवला, हेही खरं. चित्र तीसेक वर्षं स्वतःजवळ ठेवलं. बाई १९१५ मध्ये गेल्या, पुढच्या वर्षी त्याने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला हजार पौंडांना दिलं, आणि बाईंचं नाव लावू नका असं सांगितलं. म्हणून ती ‘मादाम एक्स’. एवढी दुरुस्ती आपण छापावी.

लेखात कपड्यांच्या चमकेवर दोन परिच्छेद आहेत, कामाच्या पद्धतीवर एक ओळ नाही. सार्जंट कॅनव्हास माणसाच्या शेजारीच उभा करायचा. मग दूर मागे जायचा, दोन्ही एका नजरेत घ्यायचा, तरातरा पुढे येऊन एक फटकारा मारायचा आणि पुन्हा मागे. दिवसभरात मैलोन्‌मैल चाल व्हायची म्हणतात. डोकं जमलं नाही तर ओठ सुधार, भुवई सुधार असली डागडुजी नाही, अख्खं डोकं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. मी चाळीत हे करून पाहिलं. माझी खोली दहा बाय बारा, तिसऱ्या पावलाला पाठ कपाटाला लागायची. शेवटी इझल दारात ठेवून गॅलरीत मागे जायचो आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पाय पडायचा.

१९०७ मध्ये, मागणी शिगेला असताना, त्याने तैलरंगातली पोर्ट्रेटं जवळजवळ बंद केली. त्याच वर्षी ‘सर’ किताब देऊ केला तर अमेरिकन नागरिक आहे म्हणून नाकारला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाऊन आल्यावर त्याने ‘गॅस्ड’ हे वीस फुटी चित्र केलं. मस्टर्ड वायूने आंधळे झालेले सैनिक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चाललेले. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. रविवर्म्याने बडोद्याच्या राजघराण्याची चित्रं केली, त्याला आपण भाट म्हणत नाही. मग यालाच का?

मला हा शब्द लागला त्याला कारण आहे. १९८७ मध्ये एका पतपेढीच्या अध्यक्षांचं काम आलं. जिवंत माणूस, पाच बैठका, अठराशे रुपये, निम्मे आगाऊ. अर्धांगाच्या हलक्या झटक्यानंतर त्यांच्या ओठांचा डावा कोपरा किंचित उतरला होता. मी तो तसाच ठेवला, कारण त्यांचा सगळा मिश्कीलपणा त्या कोपऱ्यात गोळा झालेला. त्यांना स्वतःला चित्र आवडलं. कमिटीला नाही. ‘साहेब आजारी दिसतात, ठेवीदार काय म्हणतील?’ माझ्या मुलीची फी भरायची होती. भर जुलै, ठाण्याच्या दमट हवेत तैलरंगातलं जवसाचं तेल वाळता वाळेना. गणपती उठल्यावर रंग सुकला आणि मी तो कोपरा उचलला. दोन बोटं रंग, अर्धा तास. उरलेले नऊशे रुपये मिळाले. भाट म्हणायचंच तर त्या अर्ध्या तासापुरतं मला म्हणा.

ते गेल्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या पत्नी माझा पत्ता शोधत चाळीत आल्या. हॉलमधलं चित्र बघून यांची आठवण येत नाही म्हणाल्या. “भाऊ, आधीचं तोंड अजून आत असेल का हो?” मी म्हटलं, वहिनी, आत आहे, पण वरचा थर काढायला गेलो तर खालचंही जाईल. मग माळ्यावरची गुंडाळी काढली. पहिल्या बैठकीचं कोळशाचं स्केच त्यात होतं, कोपऱ्यासकट. वहिनी खिडकीपाशी उजेडात बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. पैसे देऊ लागल्या, ते घेतले नाहीत. कोळसा पुसला जातो, आजच काच घालून घ्या, एवढंच सांगितलं.

आपला,
एक निवृत्त चित्रकलाशिक्षक
नौपाडा, ठाणे (प.)