लिमिटर पायाला आवरतो, हाताला नाही

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी काही होत नाही, गाडीला रेव्ह लिमिटर आहे." तेव्हा वाद घातला नाही, पण ते अर्धंच खरं आहे.

अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबलास तरी ठरलेल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन तोडतो, काही गाड्यांत स्पार्क तोडतो. हाच लिमिटर. इंजिन टरटरतं, काटा तिथल्या तिथे नाचतो. इथवर तुझं बरोबर. (म्हणून मुद्दाम तिथवर रेस द्यायची गरज नाही, आणि गार इंजिनाला तर मुळीच नाही. टेम्परेचरचा काटा जागेवर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो.)

पण समज, पाचव्यात 3000 आरपीएमवर चालला आहेस. ओव्हरटेकसाठी चौथा टाकायला गेलास, गिअरची दांडी जरा जास्त डावीकडे गेली आणि दुसरा पडला. दुसऱ्याचं गुणोत्तर पाचव्याच्या साधारण अडीच पट, म्हणजे त्याच वेगाला इंजिन अडीच पट फिरतं. क्लच सोडलास की चाकंच इंजिनाला फरफटत 7500 कडे नेतात. पेट्रोल गाड्यांचा लाल पट्टा बहुधा 6000 ते 7000 च्या दरम्यान सुरू होतो, डिझेलचा त्याच्याही बराच आधी. तिथे ईसीयूने इंधन तोडलं काय, न तोडलं काय, इंजिन फिरवतोय तो गाडीचा वेग.

आत काय होतं? सिलिंडरची तोंडं उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या वेगाला मागे पडतात. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो. ठोकर बसते, व्हॉल्व्ह वाकतो, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडावं लागतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण तर आरपीएम दुप्पट झाले की चौपट होतो. तेव्हा "थोडेसे जास्त गेले तर काय" हे मला पटत नाही.

तू दांडी मुठीत आवळून खेचतोस, खरी गोम तिथे आहे. पाचव्यातून काढून न्यूट्रलमध्ये आणलीस की क्षणभर सैल सोड. बहुतेक गाड्यांत आतली स्प्रिंगच तिला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणते. मग तळव्याने सरळ मागे घे. डावीकडे जोर नकोच. आणि क्लच एकदम सोडू नकोस. गिअर चुकला असेल तर क्लच अर्धा सुटतानाच इंजिन किंचाळायला लागतं, त्याच क्षणी पुन्हा पूर्ण दाबायचा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरू शकतात, म्हणून स्टिअरिंग सरळ ठेव.

कधी झालंच असं आणि खटखट ऐकू आली किंवा ऑइलचा दिवा लागला, तर कडेला घेऊन इंजिन बंद कर. "चालतेय ना, नेऊ तशीच" नको, टो करून ने. आवाज नसला तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. मेकॅनिकला मात्र कुठला गिअर पडला ते स्पष्ट सांग. लाजून नुसतं "पिकअप कमी झालाय" म्हणालास तर तो बिचारा फिल्टर आणि प्लगच बदलत बसेल.

तुझी,
आई