अस्वल समोर आल्यावर झाडावर चढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सगळेच लहानपणी ऐकतो. अस्वल येतं, एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडून राहतो, अस्वल त्याला हुंगतं आणि निघून जातं. मैत्रीची शिकवण म्हणून गोष्ट चांगलीच आहे. पण त्यातलं अस्वल खरं मानून कोणी मेळघाट, ज्ञानगंगा, नवेगाव-नागझिरा किंवा गडचिरोलीच्या रानात पायी फिरायला निघालं, तर ते जिवावर बेतू शकतं. उन्हाळी सुट्टीत नरनाळा, गाविलगड, चिखलदरा या भागात डोंगर चढायला येणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते. त्यांच्यापर्यंत काही गोष्टी नीट पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

अस्वल झाडावर चढतं, आणि उत्तम चढतं. त्याच्या पुढच्या पायांची नखं माणसाच्या बोटाएवढी लांब असतात आणि मधाच्या पोळ्यासाठी ते उंच खोडही गाठतं. पळण्यातही माणूस त्याच्यापुढे टिकत नाही. श्वास रोखल्याने त्याची फसगत होते हीसुद्धा कल्पनाच, कारण अस्वल कधीकधी मेलेलं जनावरही खातं. ‘अस्वल गुदगुल्या करून मारतं’ असं अजून सर्रास सांगितलं जातं. तसं काही नसतं. ते मागच्या पायांवर उठून पंजे मारतं, चावतं, आणि जखमा बहुतेक वेळा डोकं, चेहरा, डोळे, हात यांवर होतात. त्यामुळे बचावाचा विचार डोकं, चेहरा आणि मान यांपासूनच सुरू व्हायला हवा.

आपलं अस्वल माणसाला खायला येत नाही. वाळवी, मुंग्या, मध आणि फळं हा त्याचा आहार. मग ते अंगावर का येतं? त्याची नजर अधू, ऐकणंही बेताचं, सगळी भिस्त नाकावर. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर आपण दिसण्याआधीच ते बाजूला होतं. वारा आपल्या तोंडावर येत असेल, तर आपण दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. आणि एवढ्या जवळ दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी बहुधा चाल करून येतं. वाघाच्या शेजारात हजारो वर्षं काढलेलं हे जनावर आहे. आधी भिडायचं हा त्याचा स्वभाव त्यातूनच घडला असावा, असं अभ्यासक मानतात. त्यातून मादी असेल तर विचारूच नका. पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत जन्मतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. पाठीवर दोन पिल्लं असताना ती मागे हटत नाही.

म्हणून सगळी खबरदारी एका गोष्टीभोवती फिरते: अस्वलाला आपली चाहूल लांबूनच लागली पाहिजे.

डोंगर चढणाऱ्यांची सवय नेमकी याच्या उलट असते. ऊन टाळायला पहाटे चारला निघायचं, नाहीतर पौर्णिमा गाठून रात्रीच चढायचं. सह्याद्रीतल्या उघड्या कड्यांवर ही पद्धत चालून जाते. अस्वलाच्या रानात मात्र संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा वेळ त्याचा असतो. ऊन वर आल्यावर ते कपारीत, दगडांच्या खोबणीत किंवा घाणेरीच्या, म्हणजे आपल्या रायमुनियाच्या, जाळीत विसावतं. सूर्य उगवून तास-दीड तास झाल्यावर चढाई सुरू करावी आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी रान सोडावं. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा त्रास होईल हे मान्य. मग माणशी चार लिटर पाणी घ्या आणि वाट छोटी निवडा, पण निघायची वेळ अलीकडे ओढू नका. पिल्लं असलेली मादी दिवसाही फिरते, तेव्हा भर दुपारी रायमुनियात शिरू नये. फोटोसाठीसुद्धा नाही.

चालताना चार-पाच जणांनी एकत्र राहावं, दोघांत दहा पावलांपेक्षा जास्त अंतर नको. गट लांबला की पुढचा आणि शेवटचा दोघेही एकटेच ठरतात. नेहमीच्या आवाजात बोलत राहावं. वळण, नाल्याचा उतार, दाट जाळी आली की थांबून दोनदा टाळी वाजवावी, काठी दगडावर आपटावी आणि पाच-सहा सेकंद ऐकावं. हे ऐकणं बहुतेक जण विसरतात. वाहत्या पाण्याशेजारी आणि वारा तोंडावर असताना आवाज वाढवावा. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून हे काम होत नाही. अभयारण्यात त्याला मनाई आहेच, शिवाय समोरून येणारा आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. कानात इअरफोन घालून चालणं तर पूर्ण बंद करावं.

हातात पाच-साडेपाच फुटांची बांबूची काठी असावी आणि तिच्या वरच्या टोकाला चार-सहा घुंगरू बांधावेत. काठी मारायला नाही. तिचं टोक जमिनीकडे तिरकं धरून ती आपल्या आणि जनावराच्या मध्ये ठेवायची, म्हणजे अंतर राहतं. वर उगारलेली काठी अस्वलाला चिथावते.

रान वाचायला शिकलं तर बऱ्याच भेटी टळतात. फोडलेलं वारूळ दिसलं की वाकून पाहा. अस्वलाने उकरलेलं भोक अरुंद आणि खोल असतं, कडेला नखांच्या समांतर रेघा असतात आणि माती बाहेर फेकलेली असते. माती कोरडी, फिकट आणि भोकाची तोंडं नव्या मातीने लिंपलेली असतील तर काम जुनं. माती ओलसर, गडद आणि उघड्या भोकात वाळवी अजून सैरावैरा पळत असेल तर अस्वल नुकतंच तिथून हललंय. वाळवी भगदाड फार वेळ उघडं ठेवत नाही. अशा वेळी पुढे न जाता आल्या वाटेने मागे फिरावं. विष्ठेत बोरांच्या, जांभळांच्या, टेंभरांच्या (तेंदूच्या फळांच्या) बिया आणि मुंग्यांची टरफलं दिसतात. मागच्या पायाचा ठसा अनवाणी मुलाच्या पावलासारखा वाटतो. पुढच्या पायाचा ठसा रुंद, पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे.

आवाजही ओळखून ठेवावा. अस्वलाच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. वारूळ फोडून ते तोंड आत खुपसतं, आधी फुंकून माती उडवतं आणि मग त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. लोहाराचा भाता चालावा तसा तो आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. खाण्यात असं गुंतलेलं अस्वल आजूबाजूचं काहीच टिपत नाही, आणि नकळत त्याच्याजवळ जाणं सर्वात धोक्याचं.

मार्च-एप्रिलात मोहाखाली पहाटे थांबू नये. फुलं रात्री-पहाटे गळतात, आणि वेचायला माणूस व अस्वल एकाच वेळी येतात. मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांना ही जोखीम पोटासाठी घ्यावी लागते. पर्यटकाला ती घ्यायचं कारण नाही. पुढे टेंभरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा, उंबरं असा अस्वलाचा मोसम सरकत जातो. कुठली झाडं कुठल्या नाल्यात पिकली आहेत हे नाक्यावरच्या वनरक्षकाला किंवा गावातल्या गुराख्याला विचारलं तर ते लगेच सांगतात. वाटाड्या घेण्यात काटकसर करू नये.

किल्ल्यावरच्या गुहा, बुजलेली टाकी, पडके बुरूज यांत मुक्कामाला शिरण्याआधी तोंडासमोर उभं राहू नका. आत जनावर असेल तर त्याची बाहेर पडायची वाट तुम्हीच अडवलेली असते. बाजूला उभं राहून बोला, थांबा, मग बॅटरीचा झोत टाका. ताजी विष्ठा किंवा उग्र वास आला तर तिथून निघा. आत दगड कधीही फेकू नका.

आता प्रत्यक्ष समोर आलं तर. लांब असेल आणि त्याने पाहिलं नसेल, तर न ओरडता मागे फिरा. त्याने पाहिलं असेल तर सगळ्यांनी एकत्र येऊन हळू, सपाट आवाजात बोलत तिरकं मागे सरकावं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्ला केलाच असं नाही; बऱ्याचदा ते वास आणि अंदाज घेत असतं. फुस्कारणं, घुरघुरणं हा मात्र इशारा समजावा. दगड मारू नका, पाठ दाखवून पळू नका, मोबाइल काढू नका. चाल करून आलं तरी कधीकधी ते चार पावलांवर थांबतं. म्हणून काठी पुढे धरून जागेवर उभं राहावं.

अंगाला भिडलंच, तर पालथं पडा. सॅक पाठीवरच राहू द्या, ती पाठीची ढाल आहे. दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत अडकवा, कोपरं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना आवळा, कपाळ जमिनीला टेकवा, पाय फाकवा म्हणजे त्याला उलटवणं अवघड जातं. त्याने उलटवलंच तर त्याच ओघात पुन्हा पालथं व्हा. उताणं पडणं म्हणजे चेहरा त्याच्या स्वाधीन करणं. ते निघून गेलं असं वाटल्यावर लगेच उठू नका. काही मिनिटं तसंच राहा, कारण हालचाल दिसली तर ते परत येतं. सोबत्यांपैकी एकट्याने धावून जाऊ नये. सगळ्यांनी मिळून ओरडत, काठ्या आपटत पुढे सरकावं.

पेपर स्प्रेबद्दल नेहमी विचारणा होते. पर्समध्ये मावणाऱ्या बाटलीचा फवारा दोन-तीन मीटरच जातो आणि वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यांत येतो. अमेरिकेत अस्वलासाठी मिळणारे डबे किमान सव्वादोनशे ग्रॅमचे असतात आणि त्यांचा झोत सात-आठ मीटर किंवा अधिक जातो. असा स्प्रे विमानात नेता येत नाही. आणि तंबूवर किंवा कपड्यांवर तो आधीच फवारणं चूक आहे. त्याचा उपयोग हवेत, येणाऱ्या जनावराच्या तोंडावर होतो; कपड्यावर सुकलेला वास उलट त्याला जवळ ओढू शकतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून आलेले सल्ले इथे जसेच्या तसे वापरू नयेत. तिकडे काळ्या अस्वलाने हल्ला केला तर प्रतिकार करा असं सांगतात, आणि दचकलेलं ग्रिझली, म्हणजे तिकडचं तपकिरी अस्वल, अंगावर आलं तर पालथं पडा असं. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, पण आपलं अस्वल त्या दोन्हींहून वेगळं. हिमालयात, विशेषतः उत्तराखंड, हिमाचल, काश्मीरमध्ये, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं काळं अस्वल भेटतं. हिवाळ्याआधी सप्टेंबर ते नोव्हेंबरात ते सफरचंदाच्या बागा, मका आणि बलूताच्या जंगलात हावरटासारखं खात असतं. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्या मराठी गटांनी हे लक्षात ठेवावं. तिथे मुक्कामी खाणं तंबूत ठेवू नये. स्वयंपाक आणि शिधा तंबूपासून किमान शंभर पावलं दूर असावा. इकडेही गूळ, शेंगदाण्याची चिक्की, केळी, तुपाचा डबा उशाशी घेऊन झोपू नये. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यातल्या चंडीमातेच्या मंदिरात अस्वलं प्रसाद खायला येतात आणि लोक त्यांच्याजवळ उभे राहतात. ते दृश्य पाहून आपल्या रानातल्या अस्वलालाही खाऊ घालायचा मोह कोणी करू नये, ही कळकळीची विनंती.

जखमीसाठी पहिला अर्धा तास फार मोलाचा. डोक्याची जखम खूप रक्त गाळते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. सोललेली कातडी फेकू नका, कापू नका. जागेवर बसवून ओलसर कापडाने झाका. डोळ्याला इजा असेल तर दाब देऊ नका, त्यावर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा. चेहऱ्याला मार असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, कुशीवर ठेवा, नाहीतर रक्त घशात जातं. रक्तस्राव आटोक्यात आल्यावर हातापायांच्या जखमा साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. दवाखान्यात धनुर्वातासोबत रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं औषध) यांची आठवण स्वतः करून द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक मोबाइलमध्येच नाही तर कागदावरही लिहून ठेवा. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, आणि पुढच्या गावातून फोन करणाऱ्याला ते हवे असतात.

शेवटी दोन मागण्या. अस्वलांच्या भागातल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी वनविभागाने मराठी आणि हिंदीत फलक लावावा, त्यावर चढाईची सुरक्षित वेळ, पालथं पडण्याचं चित्र आणि हे दोन क्रमांक असावेत. आणि आपल्यासारख्या दैनिकांनी अस्वलाच्या हल्ल्याची बातमी देताना ‘नरभक्षक’ हा शब्द टाळून चार गोष्टी आवर्जून छापाव्यात: वेळ काय होती, माणूस एकटा होता की सोबत कोणी होतं, माणूस आणि अस्वल यांत अंतर किती होतं आणि जवळ कुठलं झाड फळावर किंवा फुलावर होतं.

आपले विश्वासू,
मेळघाट परिसरातील काही डोंगरभटके
परतवाडा, जि. अमरावती