टीएसएच ६.२ म्हणजे जन्मभराची गोळी नव्हे

मा. संपादक,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांत रविवारची रक्ततपासणी शिबिरे आता नित्याची झाली आहेत. पॅकेजमध्ये थायरॉइड असतोच. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे हार्मोन; थायरॉइड मंदावला की ते वाढते) ठळक अक्षरांत ६.२, आणि सोमवारी कुणाच्या तरी सल्ल्याने थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनच्या गोळ्यांची बाटली घरात येते. मधले प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

रक्त किती वाजता काढले, हा पहिला. टीएसएच रात्री उशिरा चढतो आणि दुपारी सर्वांत खाली असतो. सकाळी साडेसहाला घरी येऊन नेलेला नमुना आणि दुपारी दोनला दिलेला, यांची तुलना करून ‘वाढला’, ‘उतरला’ म्हणण्यात अर्थ नाही. या चाचणीला उपाशीपोटाची सक्ती नसते. वेळ मात्र दर खेपेस तीच ठेवावी. मोठ्या आजारातून उठल्यावरही आकडा काही आठवडे खाली-वर होतो.

दुसरा प्रश्न बायोटिन या जीवनसत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केसांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असते, म्हणजे दीडशे ते तीनशे पटींहून जास्त. पुष्कळ यंत्रांवरची चाचणी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन एकमेकांना धरून ठेवतात यावरच चालते. रक्तातले जादा बायोटिन मध्ये घुसले की टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी४ (थायरॉइडच्या टी४ हार्मोनचा रक्तातला मोकळा भाग) खोटाच जास्त दिसतो. धडधाकट माणसाला कागदावर ग्रेव्ह्जचा आजार, म्हणजे थायरॉइड अति काम करण्याचा आजार, जडतो. गंमत अशी, की थायरॉइड मंदावल्याने केस गळतात, म्हणून बायोटिन सुरू होते आणि तेच बायोटिन वाढलेला टीएसएच झाकते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे. डोस मोठा असेल तर जास्त दिवस, डॉक्टरांना विचारून.

तिसरे म्हणजे, स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा टोटल टी३, टोटल टी४ (थायरॉइडची दोन हार्मोन, मोकळी आणि प्रथिनाला चिकटलेली मिळून) असतात. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टोटल टी४ तसाही वाढतो, कारण हार्मोन वाहून नेणारे प्रथिन वाढलेले असते. फ्री टी४ मागून घ्यावा.

आता थायरॉइड मंदावण्यामागच्या मूळ आजाराकडे. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) सापडतात. पण ते सापडले आणि टीएसएच नॉर्मल असला, तर गोळी नको. वर्षातून एकदा टीएसएच पाहावा. टीएसएच ४ ते १० आणि फ्री टी४ नॉर्मल असल्यास दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, बऱ्याच जणांचा आपोआप खाली येतो. सत्तरीपुढे तो थोडा जास्तच असतो. १० च्या वर गेला किंवा फ्री टी४ घसरला, तर उपचार. गरोदर स्त्री किंवा गर्भधारणेच्या तयारीतली स्त्री यांचे गणित वेगळे, त्यांनी थांबू नये. अँटी-टीपीओ ६०० वरून ४०० वर आले का, हे पाहत दर सहा महिन्यांनी पैसे घालवणे व्यर्थ. त्यावर डोस ठरत नाही.

थकवा आणि वजन यांवरून निदान करू नये. रोज लोकलला लटकून जाणारा कोण थकत नाही? थायरॉइड मंदावल्याची जास्त बोलकी लक्षणे वेगळी आहेत: आवाज घोगरा होणे, चेहरा सुजट दिसणे, नाडी मंद पडणे, पाळीत जास्त रक्त जाणे, इतरांना उकडत असताना थंडी वाजणे, खाण्यात बदल नसताना कोलेस्टेरॉल चढणे. उलट, हाशिमोटोच्या आजारात काहींना सुरुवातीला ग्रंथीतल्या पेशी फुटून साठवलेले हार्मोन रक्तात सांडते, तेव्हा काही आठवडे धडधड आणि हाताला कंपही असतो. हे ग्रेव्ह्ज समजून कार्बिमॅझोल दिले तर उपयोग नाही. ते नवे हार्मोन बनणे थांबवते, सांडलेल्याचे काही करत नाही. दोन्हींतला फरक टीआरएबी चाचणीने (ग्रेव्ह्जची प्रतिपिंडे शोधणारी) बहुधा कळतो.

गोळी लागलीच, तर ती साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम, लोह चार तासांनी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करू नये, आकडा तोवर स्थिरावत नाही. तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात शंभर गोळ्यांची बाटली उघडी ठेवली की औषधाचा जोर उतरतो. गोळ्या डब्यात ओतू नयेत, बाटली ओट्याजवळ किंवा फ्रिजच्या माथ्यावर ठेवू नये.

शिबिर भरवणाऱ्या सोसायट्यांनी लॅबला एवढेच सांगावे: फॉर्मवर नमुन्याची वेळ आणि ‘केसांची किंवा व्हिटॅमिनची गोळी चालू आहे का’ असे दोन रकाने घाला, आणि दोन्ही उत्तरे रिपोर्टवर छापा.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नेरुळ, नवी मुंबई